डावा फेरा

४ जानेवारी

पोटाच्या डॉक्टरने ही वही ठेवायला सांगितली आहे. रोज चार गोष्टी लिहायच्या. किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का, काय खाल्लं, आणि कशाने त्रास झाला. म्हटलं, एवढंच लिहायचं तर दोनशे पानी वही कशाला? तर म्हणे, "मनात येईल तेही लिहा, बाई. ह्या गोळ्यांनी चिडचिड होते. कागदावर निघाली की माणसांवर निघत नाही."

माझी चिडचिड होत नाही. माणसंच तशी आहेत.

काम काय करता, असंही त्याने विचारलं. म्हटलं, डोळे भरते. त्याने मान तिरकी केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून?" म्हटलं, बावीस वर्षं झाली. तो 'मन उदास' असं काहीतरी लिहायला लागला तेव्हा सांगावं लागलं, की अहो, गुलाबाचे डोळे. रानगुलाबाच्या खुंटाला चाकूने छेद द्यायचा, चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा डोळा सालीसकट काढून त्यात बसवायचा, आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. नर्सरीत ह्याला डोळे भरणं म्हणतात. एवढा शिकलेला माणूस, पण गुलाब कसा होतो ते माहीत नाही, आणि माझं आतडं बरं करायला निघालाय.

बरं नाहीच करणार म्हणा. मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, ह्या आता जन्माच्या सोबती, असं तोच म्हणाला. फक्त शांत ठेवायच्या. नाहीच राहिल्या तर पुढे कधी आतडं काढून पोटाला पिशवी. ते मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

५ जानेवारी

वेळा: अकरा. रक्त: हो. खाल्लं: मऊ भात, केळं. त्रास: धाकटी जाऊ.

खोटं नाही लिहिलं. आमच्या दोन घरांत मिळून संडास एकच, अंगणाच्या कोपऱ्यात. मी पहाटे पाचला उठते, कारण उठावंच लागतं. मी बाहेर पडले रे पडले की ही आत. माझ्या पाठीवर टपूनच असते. आत पंधरा-पंधरा मिनिटं नुसतं पाणी ओतल्याचा आवाज. मला दुसऱ्यांदा जायचं असतं, मी बाहेर पोट धरून उभी, आणि बाईसाहेबांची आंघोळ चालल्यासारखं चालू. बाहेर आली की म्हणते, "जा ताई, भरून ठेवलीय बादली." जशी काही बादली भरली म्हणजे उपकार केले.

ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तिलाही पोट आहे." ह्यांच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

९ जानेवारी

हंगाम सुरू झाला. मुकादमाने वाफे वाटून दिले. डोळे भरणाऱ्या आम्ही आठ बाया. प्रत्येकीच्या पट्टीचा रंग ठरलेला, म्हणजे कुणाचे लागले नि कुणाचे मेले ते कळतं. माझी निळी. बावीस वर्षं निळी. धाकटीची पिवळी.

धाकटीला हे काम मी शिकवलं. लग्न होऊन आली तेव्हा चाकू कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं. त्यात डावखुरी. मी तिच्या डाव्या हातावर किती फटके मारले असतील, पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं. अजून पट्टी उलटी गुंडाळते. आम्ही साऱ्याजणी उजवीकडून फेरा देतो, ही डावीकडून. पट्ट्या सोडायच्या वेळी तिचा वाफा ज्या बाईकडे येतो ती तिला शिव्या घालते, कारण बोटांना उलटा फेरा उमगतच नाही.

ह्या कामात एकच नियम आहे. छेद दिला की मिनिटाच्या आत डोळा आत गेला पाहिजे, पट्टी बसली पाहिजे. साल वाळली की संपलं. आणि माझं पोट नेमकं त्याच मिनिटाची वाट बघत बसलेलं असतं. आज चार वेळा छेद देऊन उठावं लागलं. संडास नर्सरीच्या दुसऱ्या टोकाला, माती भरायच्या शेडपलीकडे, आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. म्हणजे आधी मुकादम शोधा, मग किल्ली मागा, मग पळा. बायांनी माझं नाव घाईबाई ठेवलंय. तोंडावर नाही म्हणत. मला काय कान नाहीत?

पळताना चाकू पडला, टोक मोडलं. आता छेदाच्या खाली बारीकशी शेपटी उमटते. चालेल.

वेळा: नऊ. त्रास: किल्ली, मुकादम, आठातल्या सात बाया.

१० जानेवारी

बारा. रक्त जास्त. कामावर गेले.

१३ जानेवारी

चार वाजले की माझ्यात जीव राहत नाही. मुकादमाला सांगून घरी येते. धाकटी मात्र दिवस मावळेपर्यंत थांबते. पूर्वी माझ्या आधी पळायची, आता काय एवढं प्रेम आलंय कामावर? मुकादमाच्या नजरेत भरायचं, दुसरं काय. मी आजारी आहे तोवर माझी जागा घ्यायची. आयत्या बिळावर नागोबा.

घरी येते तेव्हा तिच्या नखांत माती असते, बोटं चिकाने काळी. स्वयंपाकाला उशीर होतो म्हणून दीर ओरडतो. ही ऐकून घेते आणि हसते. मला न चिडणारी माणसं आवडत नाहीत. त्यांच्या पोटात काय आहे ते कळत नाही. माझ्या पोटात काय आहे ते आता सगळ्या गावाला कळलंय.

१६ जानेवारी

लिहू की नको असं करत दुपारपासून बसले आहे. लिहिते. डॉक्टरला दाखवायच्या वेळी हे पान फाडून टाकीन.

अकराच्या सुमाराला वाफ्यात बसले होते. कळ आली. उठले, तर मुकादम दिसेना. वीस पावलं गेले असेन. वाफ्याचं टोक यायच्या आतच सगळं झालं. मी तिथेच उभी राहिले. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. मागे सात बाया आणि समोरून मुकादम किल्ली हलवत येत होता. मला एवढंच वाटत होतं, की जमीन फाटावी.

तेवढ्यात धाकटी पाण्याची बादली घेऊन आडव्या वाफ्यातून आली, आणि अडखळली. अख्खी बादली माझ्या कमरेवर. नुसती बादली नाही, दुसऱ्या हातातली झारीसुद्धा. मी नखशिखांत चिंब, पायाखाली चिखल. बाया खदाखदा हसल्या. मुकादम धाकटीवर खेकसला, "डोळे फुटले का तुझे?" ती म्हणाली, "पाय अडखळला." आणि वर स्वतःची शाल माझ्या कमरेला बांधून म्हणते कशी, "चला ताई, ओल्या अंगाने थंडी वाजेल, घरी सोडते."

बावीस वर्षांत माझ्यावर कुणी हसलं नव्हतं. नेमका नको त्या वेळी हिचा पाय अडखळायला हवा होता. वाटेत मी तिला वाट्टेल ते बोलले. तिने एका शब्दाने उत्तर दिलं नाही, म्हणजे जाणूनबुजून केलं होतं हे नक्की.

त्या पाण्याच्या गोंधळात बाकीचं कुणाच्या लक्षात आलं नाही, ही देवाचीच कृपा. नाहीतर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

वेळा: मोजल्या नाहीत. त्रास: धाकटी. धाकटी. धाकटी.

१९ जानेवारी

मुकादमाने आज सगळ्यांसमोर सांगितलं. एकोणतीस तारखेला नर्सरीच्या मालकीणबाई स्वतः देठ बघणार, म्हणजे कुणाचे किती डोळे लागले ते मोजणार. जिचे शंभरात सत्तर डोळे लागले नाहीत, तिच्या हातातला चाकू काढून घेणार आणि पिशव्या भरायला बसवणार.

पिशव्या भरणं म्हणजे शेडमध्ये बसून काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरायची. ज्यांना काही येत नाही ते काम. दात पडलेल्या म्हाताऱ्या करतात. मुकादम बोलत होता सगळ्यांशी, बघत होता माझ्याकडे.

डॉक्टर म्हणतो पोटाला पिशवी, मुकादम म्हणतो पिशव्या भर. ह्या लोकांना पिशवीखेरीज काही सुचत नाही का?

चाकू गेला तर माझं काय राहिलं? घरात मी आजारी, गल्लीत मी घाईबाई. एका त्या वाफ्यात कुणी गुलाबाचं नाव न सांगता काडी दिली तरी डोळा बघून मी जात सांगते. ते गेलं तर मी म्हणजे नुसतं एक नासकं आतडं.

२३ जानेवारी

माझे डोळे चांगले दिसताहेत. सकाळी फिरून बघितलं. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळच बरे. मी जे छेद अर्धवट टाकून पळाले होते तेसुद्धा हिरवे. म्हणजे हातातली विद्या अशी जात नाही. गोळ्या घेऊन हात थरथरतो खरा, पण डोळा बसवताना त्याला आपोआप कळतं.

धाकटीच्या पिवळ्या पट्ट्यांत मात्र काळे पडलेले बरेच. चांगलं झालं. दिवस मावळेपर्यंत थांबून हा उजेड.

वेळा: आठ. खाल्लं: भात, उकडलेला बटाटा. त्रास: काही नाही. मोकळं वाटलं.

२७ जानेवारी

आज रंगेहाथ पकडली.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया झाडाखाली बसतात. मी संडासातून येत होते, मागच्या बाजूने. तर माझ्या वाफ्यात कुणीतरी उकिडवं बसलेलं. धाकटी. मांडीवर माझ्या निळ्या पट्ट्यांचा झुबका. माझ्या खुंटावरची निळी पट्टी सोडत होती, आणि तिथे स्वतःची पिवळी गुंडाळत होती! माझे लागलेले डोळे स्वतःच्या नावावर करत होती. गुरूची विद्या गुरूला!

मी पुढे गेले नाही. तिथे ओरडले असते तर ती म्हणाली असती, काही नाही ताई, पट्टी सैल झाली होती. तिचं उत्तर तयार असतं. मी सरळ मालकीणबाईंच्या खोलीत गेले आणि जे पाहिलं ते सांगितलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "तुमची सख्खी जाऊ ना?"

म्हटलं, "चोराला नातं नसतं."

२९ जानेवारी

देठ बघितले. डोळा बसवताना पानाचा देठ तोडत नाहीत, बोटभर ठेवतात. तीन आठवड्यांनी त्या देठाला नुसतं बोट लावायचं. देठ टपकन पडला तर डोळा लागला. देठ वाळून चिकटून बसला तर डोळा मेला. ह्यात लबाडी चालत नाही.

मालकीणबाई वाफ्यावाफ्यातून वाकून बोट लावत गेल्या. निळ्या पट्टीचे शंभरात एक्क्याण्णव. आठ बायांत सगळ्यांत जास्त. पिवळीचे अठ्ठेचाळीस.

मालकीणबाईंनी धाकटीला विचारलं, "जेवणाच्या सुट्टीत मोठीच्या वाफ्यात पट्ट्या बदलत होतीस?"

ती म्हणाली, "हो."

"का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही, माझ्या मनात पाप नव्हतं. मग ती खाली बघून म्हणाली, "चुकलं माझं."

मालकीणबाईंनी तिचा चाकू ठेवून घेतला. पिशव्यांवरसुद्धा नको म्हणाल्या, चोरी करणारं माणूस नर्सरीतच नको. चाकू देताना तिने पातं स्वतःकडे आणि मूठ त्यांच्याकडे केली. ते मीच शिकवलं होतं.

बायांनी आज माझ्याकडे वळून बघितलं आणि कुणीही हसलं नाही.

वेळा: सात. रक्त: थेंबभर. त्रास: गेला.

३० जानेवारी

धाकटी माहेरी गेली. दीर माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. हे म्हणाले, "घरातलं घरात मिटवायचं असतं." म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी देणारं हे घर. हे जेवण अर्धं टाकून उठले.

३ फेब्रुवारी

वेळा: बारा. रक्त: बरंच. त्रास: घर.

आज सकाळी हे संडासातून तसेच बाहेर आले आणि मला म्हणाले, "आत बघवत नाही. भिंतीपर्यंत रक्त आहे. आज धुतलं नाहीस का?" मी म्हटलं, मी कधी धुतलं होतं? माझ्यात कुठे एवढी ताकद असते? हे म्हणाले, "मग रोज कोण धुतं?" म्हटलं, मला काय विचारता, तुम्हीच धुत असाल. हे बघतच राहिले.

बादलीसुद्धा रिकामी. ह्या घरात एक काम कुणी धड करत नाही. शेवटी मीच धुतलं, भिंतीला टेकून टेकून.

८ फेब्रुवारी

डॉक्टरकडे. त्याने वही चाळली. (सोळा तारखेचं पान फाडायचं राहून गेलं.) तो वाचताना एकदा हसला, एकदा चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "धाकटी जाऊ हे कुठलं लक्षण?" मी वही परत घ्यायला हात पुढे केला. तो म्हणाला, "ती गेल्यावर बरं वाटलं का? इथे तर वेळा वाढल्यात." म्हटलं, ते थंडीने. 

तो म्हणाला, "ती बादली—" आणि थांबला. मी म्हटलं, काय ती बादली? तर म्हणे, "काही नाही. हात थरथरतो, त्याचं औषध बदलून देतो."

डॉक्टर लोक नाकाने कांदे सोलतात, पण सरळ बोलत नाहीत.

१२ फेब्रुवारी

आज लागलेल्या डोळ्यांच्या पट्ट्या सोडायच्या होत्या. आपापल्या रंगाच्या आपण सोडायच्या असं मुकादमाने सांगितलं, म्हणजे काम लवकर उरकेल.

पहिल्या खुंटाला बसले. पट्टीचं टोक शोधलं, नखाने उचकटलं, ओढलं. येईना. उलट आवळली गेली. म्हटलं, थंडीने बोटं बधिर झाली असतील. दुसरा खुंट, तेच. तिसरा, तेच. बावीस वर्षं ही बोटं न बघता पट्ट्या सोडतात, आज त्यांना वाटच सापडेना.

मग मी डोळ्यांनी बघितलं.

फेरा डावीकडून होता.

निळी पट्टी. माझा वाफा. फेरा डावा. मी गुडघ्यांवर पुढे सरकत गेले. चौथा, पाचवा, विसावा. सगळे डावे. अधूनमधून एखादा उजवा यायचा, तेव्हा बोटं आपोआप चालायची. एक्क्याण्णवात माझे उजवे भरले एकोणीस.

मग उठून माझ्याच वाफ्यातल्या पिवळ्या पट्ट्यांकडे गेले. मेलेल्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडल्या. तिचाच फेरा, पण खाली साल उघडून बघितली, तर वाळलेल्या छेदाच्या खाली बारीक शेपटी. मोडक्या टोकाची. दुसऱ्याला शेपटी. तिसऱ्याला शेपटी. ते मेलेले डोळे माझे होते. तिने ते स्वतःच्या रंगात गुंडाळले होते.

एक बाई लांबून ओरडली, "काय गं, घाई नाही आज?" मी तिथेच बसून राहिले. कळ आली होती. उठले नाही, तर नाही उठले. मग गेलेच, पण चालत गेले.

१३ फेब्रुवारी

कामावर गेले नाही. कडी लावून पडून होते. मला तिचा भयंकर राग आला आहे. कुणी सांगितलं होतं तिला? मी मागायला गेले होते का? मला माझ्या हातचे एकोणीस कळले असते तर मी एकोणीस घेऊन मानाने बसले असते. हिने मला एक्क्याण्णवचं घोडं दिलं आणि त्या घोड्यावरून मी तिलाच तुडवलं. आता मी कुणाला शिव्या घालू?

आणि ती पाण्याची बादली. तिच्या तर हातात दोन्ही गोष्टी होत्या. बादली सांडली ते ठीक. झारी कशी सांडते? झारीचं तोंड वरच्या बाजूला असतं. उलटी केल्याशिवाय सांडत नाही.

१४ फेब्रुवारी

गप्प बसता आलं असतं. पट्ट्या तर सोडून झाल्यात, आता कुणाला काय कळणार. चाकू माझ्याकडे राहिला असता. सकाळभर हेच घोकत होते. वेळा: चौदा.

दुपारी मालकीणबाईंच्या खोलीत गेले. सोडलेल्या निळ्या पट्ट्या पिशवीत भरून नेल्या होत्या. महिनाभर गुंडाळलेली पट्टी फेरा विसरत नाही, टेबलावर ठेवली की त्याच बाजूला वळते. मी एकेक टेबलावर ठेवत गेले. "हा डावा. हा डावा. हा माझा. हा डावा."

त्या म्हणाल्या, "म्हणजे काय?"

म्हटलं, "म्हणजे एक्क्याण्णवात माझे एकोणीस. बाकीचे मी घरी गेल्यावर तिने माझ्या रंगात भरले. पिवळ्यात मेलेत तेही माझे. ती माझे मेलेले डोळे तिच्या नावावर घेत होती. चोरी मी केली, तिने नाही."

"मग तिने तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझा चाकू काढून घेतला असता."

त्यांनी हात पुढे केला. मी चाकू दिला. पातं माझ्याकडे, मूठ त्यांच्याकडे.

त्या म्हणाल्या, "तिला परत बोलवा. तुम्हीच बोलवा." ही शिक्षा त्यांनी मुद्दाम दिली. बाई हुशार आहे.

१६ फेब्रुवारी

तिच्या माहेरी गेले. बसने तासभर. डॉक्टरने दिलेलं पोट बांधणारं औषध घेऊन, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, तरी दोनदा बस थांबवावी लागली. ड्रायव्हर पुटपुटला. दुसऱ्या वेळी मी त्याला सांगून टाकलं, "आतड्याला जखमा आहेत, बाबा. हौस नाही." सगळी बस ऐकत होती. आश्चर्य म्हणजे मला काहीही झालं नाही.

धाकटी अंगणात भांडी घासत होती. मला बघून उठली नाही. मी उभी, ती बसलेली.

म्हटलं, "झारी कशी सांडली गं?"

ती भांडं घासत राहिली. म्हणाली, "एका बादलीने भागलं नसतं."

मला राग आला, तो बरा. म्हटलं, "मालकीणबाईंनी बोलावलंय. मी सगळं सांगितलंय. पण तू मला विचारायला हवं होतंस. उपकार करायचे तर तोंडावर करावेत."

तेव्हा ती उठली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी तिला चिडलेलं बघितलं. "उपकार? कसले उपकार? तुम्ही घरी बसला असतात तर दिवसभर माझ्या डोक्यावर बसला असतात. भाजीत मीठ का जास्त, केर का असा काढला. तुमचा चाकू गेला असता तर तो मला रोज खुपसला असतात. मी माझ्यासाठी केलं सगळं. तुमच्यासाठी करायला तुम्ही काय केलंय माझं? हातावर फटके मारलेत."

म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. मला वाटलं तू देवमाणूस आहेस की काय."

"नाहीये."

"माझ्यासमोर चोर म्हणवून घेतलंस."

ती पुन्हा खाली बसली. हात राखेने भरलेले. म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे बघत होतात ना तेव्हा, मला वाटलं आता तरी कळेल तुम्हाला. तुम्हाला सगळ्या गुलाबांच्या जाती कळतात." आणि मग रडली. मी नाही रडले. मी तिथे उभी राहून विचारलं, "संडास कुठे आहे?" कारण खरंच घाईची लागली होती.

तिने दार दाखवलं. आत बादली भरलेली होती.

२४ फेब्रुवारी

तिला चाकू परत मिळाला. मी शेडमध्ये पिशव्या भरते. दोन म्हाताऱ्या शेजारी, एक बहिरी, एक बहिरी असल्याचं सोंग करते. मुकादम म्हणाला, "बावीस वर्षांनी इथे!" त्याला म्हटलं, "तू तर तीस वर्षांपासून किल्लीच हलवतोयस."

मात्र एक गोष्ट लिहून ठेवते, कारण डॉक्टरला खरं सांगायचं ठरवलं आहे. शेडपासून संडास दहा पावलांवर आहे. ज्या जागेला मी जिवाच्या आकांताने भीत होते ती नर्सरीतली एकमेव जागा, जिथे मला पळावं लागत नाही. आणि किल्ली आता माझ्याकडे असते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं.

तरी निळ्या पट्ट्यांचं बंडल कुणालाही दिलेलं मला बघवत नाही. धाकटी पिवळीच वापरते.

वेळा: सहा. त्रास: माती. नाकात जाते.

२ मार्च

हंगाम संपत आला. दुपारी धाकटी एक खुंट पिशवीसकट घेऊन शेडमध्ये आली. छेद दिलेला होता. म्हणाली, "ताई, हा डोळा बसत नाहीये. साल दगा देतेय. बघा जरा."

साल मस्त सुटत होती. मला काय कळत नाही? म्हटलं, "डावखुऱ्याचं काम, दुसरं काय होणार."

हात धुतले. तिचा चाकू घेतला, काडीवरून डोळा उतरवला. हात थरथरत होता. तिने दुसरीकडे बघितलं नाही. मी श्वास धरला आणि डोळा आत सरकवला. एकदाच सरकला. पट्टी गुंडाळायला गेले, तेवढ्यात पोटाने हाक दिली. म्हटलं, "धर. बांध." ती बांधायला लागली. डावीकडून.

परत आले तर खुंट शेडच्या भिंतीशी ठेवला होता, पट्टी निळी. पिवळी नव्हे, निळी. माझ्या जुन्या बंडलातली एक तिने कधी काढून घेतली होती कुणास ठाऊक. चोर ती चोरच.

२३ मार्च

वेळा: पाच. रक्त: नाही. खाल्लं: भात, बटाटा, अर्धं केळं. त्रास: एकवीस दिवस वाट बघण्याचा.

कामावर गेल्या गेल्या त्या खुंटाजवळ बसले. म्हाताऱ्या पिशव्या भरत होत्या. दूर वाफ्यात धाकटीची पाठ दिसत होती.

बोट लावलं. देठ पडला.

तिला अजून सांगितलं नाही. डोक्यावर बसेल.